संग्रहालयांस कुळावी हवेत

मुशी नदीच्या काठी हैदराबादेस सालारजंग संग्रहालय आहे. तेथे तासाचा ठोका पडावयास थोडा अवकाश उरला की एक हालचाल सुरू होते. हस्तिदंती कामाच्या दालनातून, चिनी मातीच्या भांड्यांपुढून, शस्त्रांच्या कपाटांपासून माणसे निघतात आणि एका घड्याळासमोर येऊन बसतात. मुले बापांच्या खांद्यांवर चढतात, म्हाताऱ्या जागा धरतात, मागची माणसे टाचा उंच करतात. मग घड्याळातले एक इवलेसे दार उघडते, दाढीवाला चिमुकला पुरुष बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले देतो आणि परत आत जातो. दार लागते, सभा उठते. त्याच छपराखाली बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली अवगुंठित रिबेका उभी आहे. संगमरवरातून इतका पातळ पदर निघतो कसा, याचे कोडे पाहणाऱ्यास सुटत नाही. परंतु तिच्यापुढे कोणी बसून राहत नाही.

सुशिक्षित मंडळी घड्याळापुढच्या गर्दीस हसतात. जन्मभर वेचून आणलेले ग्रंथ आणि चित्रे सोडून लोक एका बाहुल्याची वाट पाहतात, याचे त्यांस वैषम्य वाटते. पहिल्या खेपेस आम्हांसही ते वाटले होते. पुढे आणखी दोनदा जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही घड्याळाकडे पाठ करून त्या माणसांचे चेहरेच पाहत राहिलो, आणि आमचे मत पालटले. एवढ्या विस्तीर्ण संग्रहात ठरलेल्या घटकेस काही घडते अशी आम्हांस दिसलेली जागा ती एकच, आणि चार माणसे एकमेकांशेजारी बसून एकाच गोष्टीची वाट पाहतात अशीही तीच. देवळात चौघडा झडतो, आरतीची घंटा होते, पालखी उठते, तेव्हा माणूस वेळेवर येऊन उभा राहतो. घटका चुकली तर ती दुसऱ्या दिवशीच परत यावयाची हे त्यास ठाऊक असते. सालारजंगच्या प्रेक्षकाने नकळत संग्रहालयास देवळाचा नियम लावला आहे. संग्रहालयांवर याहून मार्मिक टीका आमच्या पाहण्यात नाही.

या संग्रहाचा इतिहास वकिलास भुरळ घालणारा आहे. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १९४९ साली अविवाहित वारले. दोन वर्षांनी, १६ डिसेंबर १९५१ रोजी, त्यांच्या दिवाण देवडी या राहत्या वाड्यातच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. कुटुंबीयांचा प्रश्न उच्च न्यायालयातील तडजोडीच्या हुकूमनाम्याने १९५८ त सुटला, संग्रह भारत सरकारकडे आला, आणि १९६१ च्या अधिनियमाने संसदेने त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. १९६८ त तो हल्लीच्या इमारतीत हलला. खाजगी मालमत्तेची सार्वजनिक ठेव होण्याचे याहून नीटस उदाहरण शोधून सापडावयाचे नाही. फक्त वाड्यातून इमारतीत जाताना एक गोष्ट मागे राहिली. वाड्यात शिरणारा माणूस कोणाच्या तरी घरी येत होता. इमारतीत शिरणारा तिकीट घेऊन येतो. घरधनी नाहीसा झाला, आणि त्याची जागा कोणी घ्यावयाची हे कोणत्याही अधिनियमाने सांगितले नाही.

कायदा कोठवर जातो ते पाहावे. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष यांसंबंधीचा १९५८ चा केंद्रीय अधिनियम आहे. त्याचे अठरावे कलम असे की, नियमांच्या अधीन राहून, कोणत्याही संरक्षित स्मारकात जाण्याचा जनतेस हक्क राहील. आम्हांस हे कलम फार आवडते. तांबडी सुर्लाच्या रानातील कदंबकालीन महादेवाच्या पायऱ्या चढताना कोणाची मेहरबानी घ्यावी लागत नाही, ती या कलमामुळे. परंतु हक्क आणि आगतस्वागत ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. न्यायालयात जाण्याचाही जनतेस हक्क आहे. तेवढ्यावरून कोणी तेथे मुलाबाळांस घेऊन जात नाही.

एका सरकारी संग्रहालयाची हकिगत सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण वाचकांपैकी अनेकांस ते आपल्याच गावचे वाटेल. आम्ही वेळेवर पोहोचलो. खिडकीवरील गृहस्थांकडे सुटे पैसे नव्हते. आत दिवे मालवलेले होते. माणूस आला की लावावयाचे आणि गेला की विझवावयाचे, असा काटकसरीचा नियम होता. पहारेकरी आमच्या मागोमाग दालनोदालनी हिंडला, ते काही दाखवावयास नव्हे. एका विष्णुमूर्तीखालच्या चिठ्ठीवर ‘दगड, अंदाजे बारावे शतक’ इतकेच लिहिले होते. ती कोणत्या गावच्या कोणत्या तळ्यात सापडली, तिची पूजा कधी थांबली, हे कोठेच नव्हते. सोबत आमच्या वृद्ध मावशी होत्या. त्यांस बसावयास बाक मिळाला नाही, आणि शौचालयास कुलूप होते, किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. दाराशी अभिप्रायाची वही सुतळीने बांधून ठेवली होती. लेखणी नव्हती. बाहेर पडताना अधिकाऱ्यांची गाठ पडली. माणूस सज्जन होता. तो खिन्नपणे म्हणाला, “वकीलसाहेब, लोकांस आपल्या संस्कृतीची आवडच राहिली नाही हो.” आम्ही मावशींकडे पाहिले. त्या ओट्यावर टेकून पायांतले गोळे चोळीत होत्या.

आता गोव्याच्या देवळांकडे वळू. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांसाठी दोन शब्दांचा खुलासा हवा. आमच्याकडे ज्या कुळांचे एखादे दैवत कुलदैवत असते ती माणसे त्या देवाचे ‘कुळावी’. ती मुंबईस असोत, कारवारास असोत की आणखी कोठे, वर्षातून निदान एकदा नाही तर लग्नकार्यानंतर तरी देवाच्या पायांशी येतात. त्यांच्या मुक्कामासाठी देवळाच्या प्राकारास लागून खोल्यांच्या ओळी असतात, त्या ‘अग्रशाळा’. तेथे अंथरूण-पांघरुणाचे वैभव नसते. पण छप्पर असते, पाणी असते, आणि मध्यरात्री आलेल्या माणसास ‘कोण तुम्ही’ असे न विचारता ‘कोणाच्यातले’ असे विचारणारा कोणीतरी असतो. शतकानुशतके, राज्ये बदलली, देव खाडी ओलांडून दुसऱ्या महालात नेऊन बसविले, तरी ही संस्था उभी राहिली. तिला जाहिरात करावी लागली नाही की तिकीट लावावे लागले नाही. कुळावी परत येतो, एवढ्या एका भांडवलावर ती चालली.

संग्रहालयांस नेमके हेच मिळालेले नाही. त्यांस एकदाच येणारा प्रवासी मिळतो. तो येतो, पाहतो, ‘बघितले’ म्हणून मनातल्या यादीवर खूण करतो आणि जातो. एकदाच येणाऱ्याच्या भरवशावर खानावळदेखील चालत नाही, तर संस्था कोठून चालावी?

येथे कोणी म्हणेल की वकिलांस देवळांची स्तुती करावयाची आहे. तसे नाही. देवळाच्या पाहुणचाराचे गोडवे गाताना त्याच देवळाच्या दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या कोणास उभे ठेवले होते, हे झाकून चालणार नाही. कुळावीपण जन्माने येते. म्हणून ते जितके घट्ट तितकेच अरुंद आहे. संग्रहालयाचे दार या बाबतीत थोर आहे. तिकिटावर जात लिहिलेली नसते. संग्रहालयाने देवळापासून घ्यावयाची ती परत येण्याची ओढ. त्याचा कुळावी जन्माने ठरू नये, येण्याजाण्याने ठरावा.

असे कोठे घडले आहे काय? आमच्या मते एक दाखला विचार करण्याजोगा आहे, आणि त्याची नाळ गोव्याशी जुळलेली आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय. ते ज्यांच्या नावाने आज ओळखले जाते ते डॉक्टर भाऊ दाजी लाड हे पेडण्याच्या मांद्रे गावचे. पहिला संग्रह टाउन बॅरेक्समध्ये होता. १८५७ च्या धामधुमीत ती जागा लष्कराने घेतली आणि संग्रह विस्कटला. मग भाऊ दाजी, नाना शंकरशेट आदी नागरिकांनी वर्गणी जमवून नवी वास्तू उभारण्याचा उद्योग आरंभिला. १८६२ त पायाचा दगड बसला, १८७२ त दारे उघडली. नाव व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांचे. भाऊ दाजी दोनच वर्षांनी वारले, आणि दारावर त्यांचे नाव लागावयास १९७५ साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वास्तूची कळा गेली होती. २००३ त महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि कलावारशाच्या जतनासाठी झटणारी ‘इंटॅक’ ही संस्था, या तिघांत करार झाला. मालकी पालिकेची, पैसा आणि व्यवस्थेची जबाबदारी वाटून घेतलेली. जीर्णोद्धारास २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ त संग्रहालय लोकांस पुन्हा खुले झाले. ओतीव लोखंडाचे खांब, सोन्याचा मुलामा, विलायती फरशी, हे सारे उजळले, आणि वर्तमानपत्रांनी त्याचेच वर्णन केले. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. राणीच्या बागेत हत्ती-वाघ पाहावयास येणारी जी हजारो माणसे, लालबाग-परळची, घाटावरून पाहुणी आलेली, ती या दारातून आत येतात काय?

येतात. आणि कोठे थांबतात तेही पाहण्याजोगे आहे. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईच्या लोकांची आणि त्यांच्या धंद्यांची चित्रे उभी केलेली आहेत. या बाहुल्या साहेबाने रयतेची मोजदाद करावी त्या वृत्तीने घडल्या, यात संशय नाही. जातवार, धंदेवार, पागोट्यावार माणसे मांडून ठेवावयाची, ही ती दृष्टी. त्यावर आज टीका होते आणि ती रास्त आहे. परंतु आम्ही तेथे एका गृहस्थांस पाहिले. त्यांनी आपल्या नातवास जवळ ओढले आणि एका बाहुलीकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बघ, आपला आजा असेच पागोटे बांधी.” मग ते नातवास ते बांधावे कसे हे हवेत हात फिरवून दाखवू लागले. साहेबाची मोजदाद त्या क्षणी कुटुंबाची गोष्ट झाली. त्या पागोट्याची गोष्ट सांगणारा मनुष्य संग्रहालयाच्या नोकरीत नव्हता. तो असावा, असे आम्हांस वाटते. निदान आठवड्यातून एक दिवस.

या दाखल्यातील दोष सांगितला नाही तर टीकाकाराचा धर्म सुटेल. त्रिपक्षीय करार ही युक्ती उत्तम. पण करारास मुदत असते, आणि मुदतीवर उभी असलेली संस्था सदैव नूतनीकरणाच्या चिंतेत असते. देवळाचे तसे नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ त कलकत्त्याच्या एका दाव्यात देवता ही स्वतः विधिमान्य व्यक्ती आहे, तिचे हित तिच्या पुजाऱ्यांच्या नि कारभाऱ्यांच्या मर्जीवर सोपविता येत नाही, असे मानले. संग्रहालयातल्या वस्तूच्या वतीने बोलणारा असा कोणी नसतो. म्हणून तिला परत परत येणारी, विचारपूस करणारी, ‘ती समई कोठे गेली?’ म्हणून कारभाऱ्यास जाब विचारणारी माणसे लागतात.

समईवरून पुण्याचे केळकर संग्रहालय आठवते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवावयास आरंभ केला, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमविणारे पुष्कळ असतात. केळकरांनी अडकित्ते जमविले, वज्र्या, दिवे, कुंकवाचे करंडे, दरवाजे, तंतुवाद्ये जमविली. १९६२ त त्यांनी सारे राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सुपूर्द केले. वस्तू वीस हजारांहून अधिक. मांडावयास जागा अडीच हजारांच्या आसपास. उरलेल्या पेट्यांत. तरीही या संग्रहालयात बायका ज्या आपुलकीने हिंडतात ती आम्ही अन्यत्र पाहिली नाही. कारण उघड आहे. वज्री कशास वापरीत हे त्यांस कोणी सांगावे लागत नाही. ‘आमच्या आजीची अशीच होती’ या वाक्याने सुरू होणारे संभाषण हेच त्या दालनातले खरे माहितीपत्रक. एक माणूस वस्तू जमवितो तेव्हा त्याची माया त्या वस्तूंस चिकटून राहते. खाते जमविते तेव्हा क्रमांक चिकटतो. क्रमांकही हवा. तो नसेल तर काय होते ते पुढे सांगणार आहोत.

वाडे आणि राजवाडे यांविषयी थोडक्यात. ग्वाल्हेरच्या जयविलासात शिंद्यांच्या जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे; पाहुण्यांपुढे पेये आणि चिरूट घेऊन ती फिरे. लोक तीच पाहावयास जातात. एकेकाळी पाहुणचाराचे साधन असलेली वस्तू आता पाहुण्यांस लांबूनच पाहावी लागते, यात कोणाचा दोष नाही. पण अशा स्थळी एक पेला पाणी तरी सहज मिळावे. हल्ली अनेक ठिकाणी जुने वाडे लग्नांस भाड्याने देण्याचा प्रघात पडला आहे. आमचा त्यास तत्त्वतः विरोध नाही. वास्तूस पोट असते. मात्र लग्नाच्या दिवशी गावच्या माणसास दार बंद आणि इतर दिवशीही तिकीट त्याच्या ऐपतीबाहेर, असे झाले की तो वाडा गावात असून गावाचा राहत नाही. मग त्याची भिंत पडली तरी गावास दुःख होत नाही. असे पडलेले चौसोपी वाडे आमच्या कुळागरांच्या आडोशास अनेक सापडतील.

याउलट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एक बसगाडीच संग्रहालय करून शाळांच्या दारी पाठविली, ती कल्पना आम्हांस आमच्या पालखीसारखी वाटली. देव वर्षभर गाभाऱ्यात बसतो. पण उत्सवात तो वाड्यावाड्यावर जातो, ओवाळून घेतो, लोकांचे दार पाहतो. ज्याच्या दारी देव येऊन गेला तो जत्रेस गेल्याशिवाय राहत नाही.

आता घरचे बोलू. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ त ते रायतूरच्या सेमिनारीत सुरू झाले, २००२ त मठात आले, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ त पुन्हा उघडले. लिस्बनच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानाचे आणि इंटॅकचे साहाय्य त्यास झाले. तेथील हस्तिदंती मूर्ती आणि चांदीची पात्रे पाहताना त्यांवर आपल्याच सोनारा-चित्ताऱ्यांच्या हातांच्या खुणा दिसतात. शेजारच्या समाजाने आपली वापरातून गेलेली पूजोपकरणे गोळा केली, त्यांची नोंद केली, ती मांडली. आमच्या देवस्थानांनी काय केले?

एका देवस्थानच्या जीर्णोद्धार समितीस कायद्याचा सल्ला देण्याचे काम आमच्याकडे होते. समितीतील माणसे प्रामाणिक. एका पैशाचा हिशेब चुकला नाही. जुना लाकडी मंडप उतरवून सिमेंटचा बांधावयाचा ठराव रीतसर झाला. खांबांवर वेलबुट्टी होती, तुळईवर दशावतार कोरलेले होते. गर्भागाराबाहेरच्या भिंतीवर चुन्यात लाल मातीने रेखलेली कावी चित्रे होती. ती धुऊन घ्यावयाचा विचार होता, तेथे पांढरी फरशी आली. जुन्या समया, पंचपाळी, एक फुटका नगारा आणि दोन प्रभावळी मोडीत काढल्या. तांब्यापितळेचे वजन झाले, दर ठरला, पावती फाटली. वजनाचा आकडा वहीत आहे. वस्तूंची नावे नाहीत. आम्ही ती वही पाहिली तेव्हा व्यवहार होऊन दोन महिने झाले होते.

पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ असे सांगतो की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुराणवस्तू होय. हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षे पुरेत. परवान्याखेरीज तिचा व्यापार करता येत नाही, आणि खाजगी माणसास ती परदेशी पाठविता येत नाही. पण जी वस्तू कोणत्याही यादीत नव्हती ती शंभर वर्षांची होती की साठ, हे सिद्ध कोणी करावे? मोडीच्या दुकानातून ती कोठे गेली ते कोणी सांगावे? देवाचा दागिना असता तर त्याची नोंद असती, पंचांसमक्ष वजन झाले असते. लाकडास आणि पितळेस तो मान नव्हता. आमच्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने चालतो. अध्यक्ष, मुखत्यार, चिटणीस, खजिनदार तीन वर्षांसाठी निवडले जातात. तीन वर्षांत प्रत्येकास काही करून दाखवावयाचे असते, आणि दाखविता येते ते बांधकाम. जपणूक दिसत नाही.

पैशाची गोष्टही तीच आहे, आणि संग्रहालयांच्या बाबतीत तर ती अधिकच खरी. फरशी, कमान, घड्याळ, पंखा यांस दाता मिळतो, कारण त्यांवर नाव घालता येते. झाडणाऱ्याच्या पगारास, वाळवीच्या औषधास, रात्रीच्या रखवालदारास दाता मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका संग्राहकाने तीन दालने बांधून घेतली आणि चौथ्या वर्षी कुलूप लावले. वीज भरावयास पैसे नव्हते. म्हणून आम्ही कोणत्याही दानपत्राचा मसुदा करावयास बसलो की दात्यास एकच प्रश्न विचारतो, बांधल्यावर रोज सकाळी दार कोण उघडणार? उत्तर नसेल तर दानाचा निम्मा भाग ठेवीत ठेवावा आणि व्याजातून त्या माणसाचे पोट भरावे, अशी अट घालण्याचा आग्रह धरतो. दाते कुरकुरतात. काही परत येत नाहीत.

तिकीट असावे की नसावे? मोठ्या संग्रहालयास असावे, माफक असावे, आणि गावच्या माणसास वर्षभराचे एकच असावे, म्हणजे तो पावसात अर्धा तास निवाऱ्यास आला तरी त्याचे पैसे फुकट गेले असे त्यास वाटणार नाही. देवस्थानच्या वस्तुदालनास तिकीट नसावे, पेटी असावी. शेजारी चहा मिळावा, बाक असावा, किल्ली जाग्यावर असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तूंनी अधूनमधून कामास लागावे. नवरात्रात मखर जसे वर्षातून त्या नऊ रात्रींसाठीच उभे राहते आणि त्या नऊ रात्री लोक त्यापुढून हलत नाहीत, तशी जुनी समई दीपावलीस एकदा लावावी, जुना नगारा जत्रेच्या दिवशी एकदा वाजवावा. जतनशास्त्री यास हरकत घेतील, आणि फुटक्या कातड्याच्या बाबतीत त्यांचे ऐकावे लागेल. पितळी समईस वर्षातून एका रात्रीच्या तेलाने काय होणार आहे?

त्या देवस्थानात आम्ही पुढे महाजनांच्या सभेत एक ठराव मांडला. उरलेल्या वस्तूंची यादी करावी, छायाचित्रे काढावीत, अग्रशाळेची रस्त्याकडील एक खोली त्यांसाठी द्यावी. दशावतारांची तुळई तेव्हा तळीच्या बाजूस पावसात पडली होती. तिच्यावर कूर्मापर्यंत बुरशी चढली होती. एक वृद्ध महाजन उठले. त्यांच्या आज्याने तो मंडप बांधावयास फणसाचे झाड दिले होते, असे ते नेहमी सांगत. ते म्हणाले, “वकीलबाब, हें लांकूड आतां कित्याक जाय?” आम्ही विचारले, “तुमच्या आज्याचे झाड कोणते होते ते नातवास कसे दाखविणार?” ते काही बोलले नाहीत. ठराव दोन मतांनी पडला. त्या दोन मतांत त्यांचे होते की नाही हे गुप्त मतदानामुळे कळले नाही.

परंतु आठवड्याने ते आमच्या घरी आले, सोबत नातू आणि चार गडी. तुळई त्यांनी गाडीत घातली होती. अध्यक्षांनी तोंडी परवानगी दिली आहे, असे ते म्हणाले, लेखी नाही. ती सध्या आमच्या पडवीत दोन विटांवर ठेवलेली आहे, तिची नोंद आम्ही स्वतः करून एक प्रत देवस्थानास पाठविली आहे. पोच अद्याप आलेली नाही. रविवारी तो नातू येतो आणि जुन्या दात घासावयाच्या ब्रशाने वराहाच्या सुळ्यांतली माती काढीत बसतो. गेल्या खेपेस त्याने आणखी दोन मुले आणली होती.